मावशीची तिसरी ओळ

नागपूरचा मे महिना कोणाला तरी घाबरून सावलीला गेला, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं आहे. ज्या व्यक्तीला तो घाबरला, ती म्हणजे तुमच्या आजोबांची मावशी. बाकी सगळं शहर दुपारी बारानंतर दारं-खिडक्या लावून कूलरपुढे निपचित पडलेलं असायचं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. अशा वेळी सक्करदऱ्याच्या तळ्याच्या काठाकाठानं एक ठेंगणी, सावळी, नऊवारीतली बाई डोक्यावर ओला पंचा टाकून, तुमच्या आजोबांच्या जुन्या चपला फटफटवत कोणाचं तरी दार वाजवायला निघालेली असायची. कमरेला एक कांदा खोचलेला. लू लागू नये म्हणून आमच्याकडे उन्हात जाताना कांदा जवळ ठेवतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण मावशीचा तोच कांदा संध्याकाळी पिठल्यातही जायचा. नवी नवी होते तेव्हा मी एकदा भीत भीत विचारलं, "मावशी, हा कांदा आता टाकायचा ना?" तर म्हणाली, "काहून वं? त्यानं माझं ऊन खाल्लं, मी त्याले खाते. बरोबरी झाली."

रेवा, मागच्या रविवारी फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमच्या तिकडच्या महाराष्ट्र मंडळात तू सांजेची प्रार्थना म्हटलीस आणि गाणं शिकवणाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की तिसऱ्या ओळीची चाल तू चुकीची म्हणतेस; तिथे आवाज वर चढायला हवा आणि तू खाली उतरतेस. तू म्हणालीस, "पण आई अशीच म्हणते." फोनच्या मागून तुझ्या भावानं, निखिलनं, विचारलं, "आजी, आईला चुकीचं कोणी शिकवलं?" त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, कारण ते उत्तर म्हणजे एक अख्खी बाई आहे.

मी धरमपेठेतून लग्न होऊन या घरी आले. माझे वडील हेडमास्तर. आमच्याकडे जेवणं घड्याळावर चालायची आणि बोलणं वडिलांच्या मर्जीवर. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, कपाटातल्या साड्यासुद्धा रंगांच्या क्रमानं लावणारी. तुमच्या आईचा जन्म व्हायचा होता तेव्हा मावशी वऱ्हाडातल्या तिच्या गावाहून मदतीला आली, ती दोन दिवसांसाठी. "बारसं झालं की जाते," म्हणाली. बारसं झालं. मग "पोट्टीले दात येऊ दे," मग "पोट्टी चालायले लागू दे," असं करत करत ती पोट्टी कॉलेजात गेली तरी मावशीची ट्रंक पलंगाखालून हलली नव्हती. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, आणि या दोन्हींची उणीव तिनं साऱ्या वस्तीवर हुकूम गाजवून भरून काढली होती. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिच्या माहेरच्या बोलीतले 'मले' आणि 'तुले' धरमपेठेत ऐकले असते तर माझ्या वडिलांनी दुरुस्त केले असते. इथे आल्यावर मात्र वडील तिच्यासमोर स्वतःच बेतानं बोलू लागले. ते कसं, ते पुढे येईलच.

आमची वस्ती तळ्याला अगदी लागून. मे महिन्यात तळं आटून अर्ध्यावर येई, काठाची काळी माती भेगाळे. पण सूर्य कलला की पाण्यावरून एक झुळूक निघायची, आणि ती पकडायला सगळी घरं आपापल्या खाटा घेऊन दगडी पायऱ्यांच्या वरच्या मोकळ्या जागेत जमायची. कोणाची खाट झुळकेच्या वाटेत आली यावरून रोज भांडणं. तुमची आई रांगत होती त्या उन्हाळ्यात मावशीनं ही भांडणं दोन संध्याकाळी ऐकली आणि तिसऱ्या संध्याकाळी पायरीवर उभी राहून म्हणाली, "एवढा गळा आहे तुमचा, तर गा ना बापा! भांडून काय राहिले?" तिथून आमचा उन्हाळी सप्ताह सुरू झाला. सकाळी प्रार्थना, दिवसा मुलांची चित्रं, संध्याकाळी गाणं-नाटक-कीर्तन, असे सात दिवस, दर वर्षी, शाळांना सुट्टी लागली की.

सप्ताहाचा नियम एकच होता आणि तो फार कडक होता. सतरंजीवर फुकट कोणी बसायचं नाही. जो ऐकायला आला त्यानं काही तरी करून दाखवलंच पाहिजे. आणि काय करायचं ते तुम्ही ठरवायचं नाही, मावशी नेमून देणार. ज्याला जे येत नाही तेच ती नेमकं हेरून द्यायची. ज्याचा गळा गोड त्याला चित्र काढायला बसवायची, ज्याची बोबडी वळते त्याला सूत्रधार करायची. तुमच्या आजोबांच्या अंगात ताल नावालाही नव्हता, म्हणून त्यांच्या हाती झांज. ती प्रत्येक सम गाठायला पॅसेंजर गाडीसारखी उशिरा पोचायची, पण पोचायची. मला तिनं जात्यावरची ओवी दिली. मी आयुष्यात जातं ओढलं नव्हतं. माझी फजिती पाहायला माझे वडील धरमपेठेतून रिक्षानं आले, पांढरं धोतर, काळा कोट, हातात छडी. मावशीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मुलांच्या नाटकात बैल केलं. मला वाटलं, आता माझं माहेर तुटलं. पण वडिलांनी कोट काढून घडी करून माझ्या हाती दिला आणि ते चार पायांवर झाले. असा आब असलेला बैल वस्तीनं आधी कधी पाहिला नव्हता. पुढे दर वर्षी एप्रिल संपता संपता त्यांचा निरोप यायचा, "यंदा बैलाचं काम आहे का?"

एकदा शेजारच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे आले, ते नेमके सप्ताहात. पोहे झाले, चहा झाला, आणि संध्याकाळच्या झुळकेला म्हणून मंडळी पायऱ्यांवर येऊन बसली. सतरंजीवर, फुकट. मावशीनं नवऱ्या मुलाला उभं केलं. "मी पाहुणा आहे," तो म्हणाला. "मंग? पाहुण्याले तोंड नसते का?" बिचाऱ्यानं डोळे मिटून एक भजन म्हटलं, आणि इतकं सुंदर म्हटलं की मागच्या खाटेवरून मुलीचा होकार मुलाच्या आधी आला. आमच्या वस्तीत मुलगा पाहिला गेला, असं ते कुटुंब अजून कौतुकानं सांगतं.

सकाळच्या प्रार्थनेचा मान रोज एका घरचा. एके दिवशी आमच्या घरचं भजन, एके दिवशी मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं गीत, एके दिवशी पलीकडच्या हिंदी बोलणाऱ्या घरातल्या चौपाया, आणि एके दिवशी गुरुजींच्या घरची बुद्धवंदना. गुरुजी म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. शाळेत गणित शिकवायचे आणि पेटी वाजवायचे, पण पेटी वाजवतानाही गणितच करताहेत असं वाटावं इतके सुराला काटेकोर. धर्मांतराच्या दिवशी तरुणपणी ते आपल्या वडिलांचा हात धरून पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले होते, आणि ते सांगताना दर वेळी ताठ बसायचे. सप्ताहाचा पाण्याचा रांजण ज्या घरची प्रार्थना त्या घरानं भरायचा, हा मावशीचा हुकूम. पहिल्या वर्षी गुरुजींच्या दिवशी दोन-तीन घरांची माणसं रांजणाकडे पाठ करून बसली. मावशी उठली, हातात लांब दांड्याचं ओगराळं घेऊन रांजणाजवळ उभी राहिली आणि एकेकाला नावानं हाक मारू लागली. "तहान लागली का तुले? नाही? मंग गळा कोरडा नाही तुझा. ये, गा." दोन गाण्यांत सगळ्यांनाच तहान लागली. पुढे हा प्रश्न कधी निघाला नाही. ज्या खेड्यातून ती आली होती तिथे पाणवठे कसे वेगळे होते हे मला माहीत होतं. म्हणून ते ओगराळं मला तिच्या साऱ्या पराक्रमांत मोठं वाटतं.

चित्रांसाठी कागद पुरत नसत. मावशीनं उपाय शोधला तो कूलरचा. तेव्हाचे आमचे कूलर म्हणजे पत्र्याचे मोठे डबे, तीन बाजूंनी खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आणि पोटात पंखा. चालू झाले की विमान उडतंय असं वाटे. त्यांचे पत्रे तिनं मुलांच्या हवाली केले. गेरू, चुना, नीळ, जे मिळेल त्यानं मुलांनी साऱ्या वस्तीचे कूलर रंगवले. आमच्या कूलरवर तुमच्या आईनं वाघ काढला होता. त्याच्याकडे पाहून कोणालाही दूध पाजावंसं वाटे, पण त्याला वाघच म्हणायचं असा घरात दंडक होता. आणि हेच रंगवलेले कूलर संध्याकाळी कार्यक्रम सुरू होण्याआधी बंद करायचे, कारण त्यांच्या घरघरीत सूर बुडतो. मावशी स्वतः घरोघरी फिरून बंद करवायची. घरात म्हातारे, आजारी, बाळंतीण कोणी असो, "थो घुर्रघुर्रा बंद करा, माणूस गाऊन राहिला!" माणूस गाताना कूलर चालू ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं ती मानायची.

आता तिची सगळ्यात मोठी गंमत सांगते. गाण्याचा सप्ताह चालवणाऱ्या या बाईला सूर म्हणून काही नव्हताच. कमी होता, कच्चा होता, असं म्हणायलाही जागा नव्हती. तिनं ओट्यावर गुणगुणायला सुरुवात केली की तुमचे आजोबा उगीचच बाहेर जाऊन सायकल पुसू लागत. पण गाणारा कुठे चुकला हे तिला अचूक कळायचं. "थांब! सूर गेला तुझा," म्हणून वेताची काठी पायरीवर आपटायची, आणि खरोखरच तिथे सूर गेलेला असायचा. मला हे कोडं दोन उन्हाळे सुटलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात लक्षात आलं, की गाणं चालू असताना मावशी गाणाऱ्याकडे बघतच नाही, ती पेटीवरच्या गुरुजींकडे बघते. कोणी बेसूर झालं की गुरुजींची डावी भुवई आपोआप वर जायची. त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. मावशी सूर भुवईवरून ओळखायची. मी हे फक्त तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजींना सांगू नकोस. भुवई सावध झाली तर सप्ताह बुडेल."

आणि एका वर्षी तो खरंच बुडायला आला. लाकडाची वखार चालवणारे देवराव म्हणून आमच्या ओळीतले एक भारदस्त गृहस्थ होते. पिळदार मिशा, पहाडी आवाज. आदल्या वर्षी मावशीनं त्यांना मांडीवर बाहुली घेऊन पाळणा म्हणायला लावला होता. त्यांनी म्हटला, पण पुढे वर्षभर वखारीत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक लाकडाचा भाव विचारण्याआधी "बाळ झोपलं का, देवरावभाऊ?" असं विचारायचं. त्या वर्षी सप्ताहाच्या पहिल्याच संध्याकाळी मावशीनं काठी आपटून नेहमीचा नियम ऐकवला, तसे देवराव सतरंजीवरून उभे राहिले.

"मावशी, एक विचारू का? हा नियम साऱ्यांले आहे का आमालेच?"

"साऱ्यांले आहे गा."

"मंग इतकी वर्षं झाली, तुमी काय करून दाखवलं?"

मावशी म्हणाली, "मी काय करू? मी सारं पाहून राहिली ना!"

"पाहून तर आमी बी राहिलो! पाहणं म्हणजे फुकट बसणं, हे तुमीच शिकवलं. आता जे येत नाही ते नेमून द्यायचं म्हणता ना, तर यंदा आमी तुमाले नेमून देतो. शेवटच्या दिवशी, एकटीनं, गुरुजींच्या पेटीवर. गाणं!"

लोक हसले. हसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उभं करायचं ही तिची नेहमीची रीत, पण त्या दिवशी तिनं काठी उचलली नाही. मी मध्ये पडून म्हटलं, "मावशी पाठ असलेलं काही बोलून दाखवतील. गाण्याचंच काय एवढं?" तिनं मला हातानं थांबवलं. "नाही वं. थो बरोबर बोलून राहिला." मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "म्हणीन मी. सांजेची प्रार्थना म्हणीन. मधात थांबली, नाही जमलं, तर पुढल्या सालापासून सप्ताह तुमचा तुमी पाहा. जो नियम मले पाळता येत नाही तो दुसऱ्याले सांगायले मी काठी नाही धरत." तिचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यामागे सप्ताह कोण पाहणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कोणीच नाही. देवरावांचा चेहरासुद्धा जरा उतरला. ते थट्टा करायला उठले होते, सप्ताह बुडवायला नाही. पण बोलून बसले होते.

त्या आठवड्यात मावशी बदलली. रोज दुपारी उन्हात हिंडणारी बाई दुपारी घरात राहू लागली. मागच्या खोलीत कूलरला पाठ टेकून, तुमच्या आईला मांडीवर घेऊन ती बसायची. तुमची आई तेव्हा पाच-सहा वर्षांची, जूनमध्ये पहिल्यांदा शाळेत जायची होती. दारातून मला मावशीचे ओठ हलताना दिसायचे. आवाज अर्थातच कूलरच्या घरघरीत बुडालेला. मला वाटलं, काही स्तोत्र वगैरे म्हणत असेल, मुलीला झोपवत असेल. आणि मग एका दुपारी वीज गेली. कूलर एकदम बंद पडला आणि त्या शांततेत एक आवाज एकटाच उघडा पडला. तो आवाज एकाच जागी तीन वेळा चढायला गेला आणि तिन्ही वेळा खाली घसरला. पुढच्या खोलीतून आजोबा ओरडले, "मावशी, काय करून राहिली?"

"मांजर हाकलून राहिली!"

आमच्या घरात मांजर नव्हतं. पत्र्यावरचा वाघ धरला तर गोष्ट वेगळी. आजोबा माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. हसू आलं होतं, पण दोघांनीही ते आतल्या आत ठेवलं. सबंध वस्तीत जी एकच जागा अशी होती की जिथे तिचं गाणं कोणाला ऐकू जाणार नाही, ती तिनं शोधून काढली होती: ज्या कूलरला ती आयुष्यभर शिव्या देत आली त्याची पाठ.

शेवटची संध्याकाळ आली. धुळीचा वारा दिवसभर वाहून थांबला होता, तळ्याचं उरलेलं पाणी तांबूस दिसत होतं. वस्ती तर सगळी होतीच, पण आजूबाजूच्या वस्त्यांतूनही माणसं आली होती. बैल संपवून माझे वडीलही कोट घालून पुढे बसले होते. मावशी कूलर बंद करवायला निघाली ती लवकर परत येईना. "आज ती कूलर बंद करत करत यवतमाळपर्यंत जाणार बहुतेक," आजोबा पुटपुटले. शेवटी ती आली. थेट माझ्यापाशी येऊन तिनं कमरेचा कांदा काढला आणि माझ्या हाती दिला. "धर वं. सांभाळ." मग काठी माझ्या वडिलांच्या हाती दिली आणि वरच्या पायरीवर जाऊन रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिला काठीशिवाय उभं राहिलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. एवढीशी दिसत होती.

"कोणत्या पट्टीत म्हणणार, मावशी?" गुरुजींनी विचारलं.

"जे हाती येईन थे."

जे हाती आलं ते पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठे तरी होतं. पण पहिली ओळ झाली. दुसरी झाली. सूर नसला तरी सुराच्या शेजारच्या गल्लीत होता, आणि गुरुजी बोटांनी त्याच्या मागे धावत होते. मग तिसरी ओळ आली. ती प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाते, सगळ्यांना पाठ. तिसऱ्या ओळीला आवाज वर चढतो. मावशीचा आवाज चढायला निघाला, थबकला, आणि घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तसा एकेक पायरी खाली उतरत गेला आणि तळाशी जाऊन थांबला. गुरुजींची डावी भुवई वर गेली.

आणि मावशीनं ती पाहिली. इतकी वर्षं जिच्यावर तिची सारी मदार, ती भुवई. मावशी थांबली. सगळ्या वस्तीचे कूलर बंद, त्यामुळे तळ्यावरच्या टिटवीचाही आवाज ऐकू आला. देवरावांनी मान खाली घातली. माझ्या मुठीत कांदा.

तेवढ्यात खालच्या पायरीवरून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. तुमची आई. ती तिसरी ओळ म्हणत होती, अगदी मावशीसारखी. वर निघून, थबकून, एकेक पायरी खाली उतरत, तळाशी क्षणभर थांबत. तिला दुसरी चाल माहीतच नव्हती. सगळ्या आठवड्याच्या दुपारी तिनं हीच ऐकली होती. ओळ संपवून ती मागे वळली आणि वैतागून म्हणाली, "आता पुढचं म्हण ना, मावशीआजी! तूच विसरून राहिली!"

गुरुजींनी पेटीचा भाता बंद केला. मला वाटलं, संपलं. ते आपल्या वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "एकटं कोणी असं म्हणालं तर ती चूक. दोघींनी अगदी सारखंच म्हटलं, म्हणजे ती चाल आहे." मग भाता उघडला, बोटांनी चाचपून ती उतरती ओळ पेटीवर शोधून काढली, एकदा वाजवली, आणि आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "मावशी, पहिल्यापासून. आम्ही मागून येतो." त्यांची भुवई आता जागेवर होती.

मावशीनं पहिल्यापासून म्हटलं. तिसऱ्या ओळीला ती खाली उतरली आणि तिच्यामागे सगळी वस्ती उतरली. मिशनच्या बाई, चौपाईवाले, गुरुजींच्या घरचे सगळे, माझे वडील. शुद्ध बोलण्यासाठी ज्यांनी साऱ्या धरमपेठेला धाक लावला त्या माझ्या वडिलांनी हातात काठी धरून ती चुकीची ओळ खणखणीत म्हटली. आजोबांची झांज नेहमीप्रमाणे उशिरा पडली, आणि तळाशी जे क्षणभर थांबायचं असतं तिथे नेमकी बसली. आयुष्यात पहिल्यांदा ते समेवर होते. सगळ्यात मोठा आवाज देवरावांचा होता.

संपल्यावर ते पुढे आले. "माही हार झाली, मावशी."

"हार कायची गा? तू नेमून दिलं, मी केलं." आणि काठी परत घेत म्हणाली, "पुढल्या साली तुले जुळे देते मांडीवर. दोन पाळणे तयार ठेव."

सप्ताह वाचला होता. घरी आल्यावर तिनं माझ्याकडे हात पसरला. "कांदा कुठं ठेवला वं माझा?" तो अजून माझ्या मुठीतच होता. पिठलं टाकायला बसताना तिनं हळूच विचारलं, "खरं सांग, तू शिकलेली आहेस. चुकली ना मी?" मी म्हटलं, "चुकलात. पण आता उशीर झाला, सगळ्यांना पाठ झालं." ती कांदा चिरत होती, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं काही विचारता आलं नाही.

त्यानंतर आमच्या तळ्याकाठी ती प्रार्थना तशीच म्हटली गेली. जूनमध्ये तुमच्या आईला शाळेत बाईंनी दुरुस्त केलं, तर ती म्हणाली, "तुमची चाल वेगळी असेल." मावशी गेली त्या वर्षीही मे महिन्यात सप्ताह झाला, आणि पुढेही बरीच वर्षं झाला. आता पायऱ्यांशी कुंपण आहे, घरांच्या जागी उंच इमारती आहेत, आणि झुळूक कोणाच्या वाट्याला आली यावरून कोणी भांडत नाही, कारण कोणी बाहेरच बसत नाही. गुरुजींच्या मुलीच्या मुलाच्या लग्नात मागच्या वर्षी मी गेले होते. शेवटी सगळ्यांनी ती प्रार्थना म्हटली. तिसऱ्या ओळीला सगळा मांडव वर चढला, आणि आम्ही चार-पाच म्हाताऱ्या माणसांनी मान न वळवता खाली उतरायला घेतलं. एकमेकांना ओळखायची आमची तेवढीच खूण उरली आहे.

तेव्हा रेवा, तुझ्या बाईंना नम्रपणे सांग, की त्यांची चाल बरोबर आहे. ती त्यांच्याकडून नीट शिकून घे. आणि आपली विसरू नकोस. निखिल, तुझ्या आईला कोणी चुकीचं शिकवलं, त्याचं उत्तर तुला मिळालं. आता तूही म्हणायचंस, फुकट ऐकायचं नाही. इकडे उन्हाळा सुरू झाला आहे. रविवारी तुम्ही फोन कराल त्याच्या आधीच मी कूलर बंद करून बसेन.